वजा चार

चष्मा नवा नसता, तर हा प्रकार आणखी पाच-सात वर्षं सुखाने चालला असता. पण आदल्याच दिवशी तो हिरोच्या नाकावर बसला होता आणि तेव्हापासून जगात नको इतका बारकावा आला होता. मनगटावरचे तपकिरी ठिपके, बुटांच्या टोकाला पडलेल्या भेगा, हॉलच्या भिंतीवर चिकटवलेली ‘मोबाइल बंद ठेवावेत, कानातली यंत्रं चालू ठेवावीत’ ही सूचना, सगळं एकदम अंगावर येत होतं. दुपारचे पावणेतीन वाजले होते. पेटीवाला कीबोर्ड मांडून गाडी सावलीत लावायला गेला होता. हिरो सहज, आपला हात टेकायला म्हणून, त्या कीबोर्डवर वाकला. त्याला आगपेटीएवढी हिरवट काचेची खिडकी होती. गेली नऊ वर्षं हिरो त्या खिडकीकडे बघत आला होता आणि तिथे त्याला नेहमी हिरवट धुकं दिसत आलं होतं. आज तिथे चक्क आकडा होता. वजा चार.

“हे हॉलचं टेंपरेचर दाखवतं का हो?” त्याने पॅडवाल्याला विचारलं. पॅडवाला पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, ताल चोख ठेवणारा आणि मोजकं बोलणारा गृहस्थ होता. मोजकं बोलणारी माणसं बोलतात तेव्हा नेमकी नको तिथे बोलतात. “नाही,” वायरींचा गुंता सोडवत तो म्हणाला, “ती पट्टी. मूळ पट्टीपासून चार घरं खाली. ते बटण दाबून ठेवलं की बोटं होती तिथेच राहतात, आवाज तेवढा खाली येतो.” “कोणाचा आवाज?” “पेटीचा. म्हणजे मग तुमचाही. आधी वजा दोन होतं, मग तीन झालं. चार आता आता, दोनेक वर्षांत.” एवढं बोलून त्याने वर पाहिलं, हिरोचा चेहरा पाहिला, “मला वाटलं तुम्हाला माहीत असेल,” असं पुटपुटला आणि प्लग शोधायला टेबलाखाली शिरला. प्लग समोरच होता. तरी तो बराच वेळ बाहेर आला नाही.

हिरो हे त्याचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. जुन्या सिनेमांतल्या नायकांची गाणी म्हणतो म्हणून पंचविशीत कोणीतरी त्याला हिरो म्हटलं आणि त्रेसष्टाव्या वर्षीही त्याची त्यातून सुटका झाली नव्हती. पेटीवाला पूर्वी खरोखरीची पेटी वाजवायचा, कीबोर्ड घेतल्यावरही तो पेटीवालाच राहिला. दर शनिवारी दुपारी पेन्शनरांच्या या क्लबात किंवा असल्याच दुसऱ्या एखाद्या हॉलमध्ये तिघे दोन-अडीच तास गाणी करत. आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला हिरो माइक हातात घेऊन एक वाक्य म्हणत असे. “मंडळी, ही गाणी मी मूळ पट्टीत म्हणतो, एक घरही खाली नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी खुशाल स्टेजवर येऊन पेटीवाल्यांची बोटं बघावीत.” कोणी कधी आलं नाही. बघत असे तो स्वतः. ‘पुलावरचं गाणं’ काळी दोनमध्ये होतं. सुरू करायच्या आधी तो तिरक्या नजरेने पाहून घेई, बोट काळी दोनवर आहे ना? असे. मग छाती भरून घ्यायची आणि सुरू करायचं. म्हणजे गेली कित्येक वर्षं पट्टी त्याने डोळ्यांनी ऐकली होती आणि डोळे तर असे होते की समोरचा आकडाही दिसत नव्हता. त्याला एकदम फार उकडायला लागलं.

सहा वर्षांपूर्वी त्याला तो चिवट खोकला झाला होता. तीन आठवडे गाणं बंद. चौथ्या शनिवारी स्टेजवर चढताना पाय लटपटत होते, आणि काय आश्चर्य, आवाज लोण्यासारखा वर गेला होता. लोक येऊन येऊन सांगत होते, आवाज उघडलाय तुमचा, काय करता? काय करता म्हटल्यावर काहीतरी करत असणं भाग होतं. तो पहाटे जमिनीवर उताणा पडून, पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवून, गुणगुणत असे. वाद्य न घेता. आपला सूर आपल्या कानात पक्का आहे, त्याला वाद्य कशाला, असं तो बायकोला सांगत असे. मग त्या शब्दकोशाचं शास्त्र झालं, शास्त्राचं व्याख्यान झालं. ‘आवाजाला वय नसतं’ या विषयावर तो चार वाचनालयांत बोलला होता. एका वाचनालयात बारा ज्येष्ठ नागरिकांना त्याने सतरंजीवर उताणं झोपवलं होतं, पोटावर एकेक खंड देऊन, आणि त्यातल्या दोघांना उठवायला माणसं लागली होती. या चारही व्याख्यानांना पेटीवाला पहिल्या रांगेत बसला होता. मान डोलावत होता. एकदा तर त्याने वहीत काहीतरी टिपून घेतलं होतं. काय टिपलं असेल मेल्याने? हिरोला आता ती वही डोळ्यांसमोर दिसत होती आणि तिच्यात एकच आकडा दिसत होता.

त्याने बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन बायकोला फोन लावला. “तुला ते वजा चार माहीत होतं?” पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला. “चार?” ती म्हणाली. “तीन ना?” हिरोने खांबाला हात टेकला. “चार कधी झालं? मला नाही कोणी सांगितलं,” ती जरा दुखावल्या सुरात म्हणाली. “तुला सांगितलं नाही? तुला?” “अहो, आता कार्यक्रमाच्या तोंडावर हे कशाला काढलंत? पाणी प्यायलात का?” “आणखी कोणाकोणाला माहीत आहे?” “मला काय ठाऊक. जावईबापूंनी मागे विचारलं होतं खरं.” जावई टायरच्या दुकानात बसायचा आणि गाणं संपलं की नाही हे त्याला टाळ्यांवरून कळायचं. त्यालाही कळलं होतं! हिरोने फोन बंद केला. व्हरांड्यातून प्रेक्षक आत चालले होते, काठ्या, वॉकर, उशा, पाण्याच्या बाटल्या घेऊन, आणि प्रत्येक जण जाता जाता त्याच्याकडे बघून हसत होता. एरवी त्या हसण्याने त्याला बरं वाटत असे. आज प्रत्येकाच्या हसण्यात त्याला आकडा दिसत होता.

पहिला भाग सुरू झाला. माइक हातात आला, समोर दीडशे माणसं बसली आणि ते नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडात येऊन थांबलं. “मंडळी,” तो म्हणाला, “ही गाणी,” आणि मग, “जुनी आहेत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटीवाल्याने मात्र चमकून मान वर केली. हिरो गाऊ लागला आणि गाता गाता आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःवर पाळत ठेवू लागला. आवाज येत होता, गोड येत होता, आणि जितका गोड येत होता तितका त्याला संताप येत होता. हे कोण गातंय? हे बसक्या खुर्चीत बसलेलं, पाय पसरलेलं गाणं माझं? खालून दीडशे माणसं नेहमीप्रमाणे गुणगुणत होती, अर्धी मात्रा मागे, शब्द गाळत, दुसऱ्या कडव्याच्या जागी तिसरं घालत. एखादं यंत्र मधूनच शिट्टी मारत होतं. पहिल्या रांगेत निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्या बोटाने ताल धरून बिनचूक शब्द म्हणत होत्या आणि शेजारणीचे शब्द चुकले की तिच्याकडे बघत होत्या. आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला, दाराजवळ, नेहमीच्या जागी दादा बसला होता.

दादा म्हणजे हिरोचा थोरला भाऊ. सुरुवात दोघांनी बरोबर केली होती. दोन भावांची जोडी म्हणून लोक बोलवत. दादा पेटीही वाजवायचा आणि गायचाही, हिरोला सूर लावायला शिकवला तोही दादानेच, मोरीत बादली उपडी घालून त्याच्यावर बसवून. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी दोघांच्या गाण्याआधी दादा त्याच्या कानाशी वाकून म्हणाला होता, “एक घर खाली घेऊ या रे. आज घसा बरा नाही.” फक्त एक घर. आणि हिरोने काय करावं? माइक हातात होता, समोर हॉल भरलेला होता, जीभ वळवळली. “मंडळी,” तो म्हणाला होता, “आमच्या दादांना आज जिना चढवत नाही. काय करू या? गाणं तळमजल्यावर घेऊ या का?” हॉल खदखदून हसला. दादाही हसला. मग तो मूळ पट्टीत गायला आणि वरच्या जागी त्याचा आवाज फाटला. तेव्हाही लोक हसले, कारण तोवर हसायची सवय झाली होती. कार्यक्रम संपल्यावर दादाने पेटी पिशवीत घातली, पिशवीचे बंद नीट बांधले, आणि पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आला, तो तिकीट काढून, प्रेक्षकांत. तेव्हापासून दर शनिवारी येतो. संपल्यावर “छान झालं” म्हणतो आणि बस चुकेल म्हणून निघतो. घरच्या गोष्टी होतात, दुखणीखुपणी होतात, दोन्ही सुनांचं कौतुक होतं, पण गाण्याबद्दल अकरा वर्षांत या दोन शब्दांपलीकडे एक अक्षर नाही. दादाच्या घरी पेटी आहे. दादाच्या कानाला घर कळतं, अर्धं घरही कळतं. म्हणजे वजा दोन झालं तेव्हा दादाला कळलं होतं, तीन झालं तेव्हाही कळलं होतं. तळमजल्यावर बसलेल्या भावाचं गाणं तो दर शनिवारी ऐकत होता आणि छान झालं म्हणत होता. हिरोला गाता गाता मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडवं मात्र बरोबर संपलं.

मध्यंतरात लोक रांगेने स्वच्छतागृहाकडे निघाले. हिरोने पेटीवाल्याला पडद्यामागे गाठलं. पेटीवाला बिस्किट चहात बुडवत होता.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?” म्हणेपर्यंत पेटीवाल्याची नजर नव्या चष्म्यावर गेली आणि बिस्किट चहात पडलं. “अरे देवा,” तो म्हणाला. “तुझ्या खोकल्यापासून.”

“मला सांगायला तुझी जीभ झडली होती?”

“काय सांगायचं? तुला एका हाताने खोकल्याचं औषध देत होतो, दुसऱ्या हाताने हे सांगू? म्हटलं, चार दिवस घेऊ खाली, मग आणू वर. मग तू ती व्याख्यानं द्यायला लागलास.”

“बावीस वर्षं एकत्र आहोत आपण. सरळ म्हणायचंस, हिरो, पट्टी उतरव.”

पेटीवाल्याने कप खाली ठेवला. तो मवाळ माणूस होता, आवाज चढवत नसे. “दादांनी म्हटलं होतं की,” तो म्हणाला. “मी तिथेच बसलो होतो ना त्या दिवशी. पैशांचं काही नव्हतं, पण मला वाजवायचं होतं. म्हणून बोललो नाही.”

हिरो पडद्याच्या घड्यांकडे बघत उभा राहिला. पडदा धुळीने भरला होता. हेही चष्म्यामुळेच दिसत होतं. मग तो म्हणाला, “दुसऱ्या भागात शून्यावर घे.”

“दुसऱ्या भागात पहिलंच पुलावरचं आहे.”

“माहीत आहे.”

“हिरो, गळा आहे तो, नळ नाही. चार घरं एकदम—”

“शून्य. आणि मधे बटणाला हात लावलास तर बघ. मला आता दिसतं.”

आवाज फाटला तर? फाटला तर समोर दीडशे माणसं, आणि तिसऱ्या रांगेत दादा. दादाचा फाटला तेव्हा हिरो पन्नाशी ओलांडलेल्या दिमाखात शेजारी उभा होता, आज फाटला तर उद्यापासून आपणही दाराजवळची खुर्ची पाहायची. पण फाटला नाही तर? तर मग ही सहा वर्षं म्हणजे पेटीवाल्याचा भित्रेपणा, माझा दोष नाही, मी कधी मागितलंच नव्हतं. त्याला तेवढंच हवं होतं. गाण्याचं काय व्हायचं ते होवो, आपण दादाकडे ताठ मानेने बघू शकलो पाहिजे. या विचाराची त्याला लाजही वाटली, कारण ताठ मानेने काय सांगणार होता दादाला? की बघ, तुला नाही जमलं, मला जमलं? पण विचार काही जाईना, आणि तेवढ्यात लोक परत येऊन बसले.

पेटीवाल्याने बटण दाबलं. खिडकीत शून्य आलं, गोल, स्वच्छ. पॅडवाल्याने एकदा तिकडे, एकदा हिरोकडे पाहिलं आणि घाम पुसला. सुरुवातीचे सूर वाजले तेव्हाच हिरोला कळलं की या गाण्याला आपण बऱ्याच वर्षांत भेटलेलो नाही. उंच, ताठ, जराही न वाकणारं. त्याने आवाज लावला. लागला. मानेच्या शिरा ताणल्या, टाचा आपोआप वर आल्या, पहिली ओळ पार पडली. दुसरीही. लोकांनी सवयीने तोंडं उघडली, सूर धरायला गेले, आणि एकेक तोंड मिटायला लागलं. कोणी मध्येच खालचा सूर धरला, तो बेसूर लागला म्हणून सोडून दिला. बाईंनी दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा त्यांना ठसका लागला. पहिलं कडवं संपेपर्यंत हॉल गप्प झाला होता. इतक्या वर्षांत असा गप्प हॉल हिरोने ऐकला नव्हता. त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. आपण रिकाम्या खोलीत ओरडतोय असं वाटत होतं. त्याने दादाकडे पाहिलं. दादाचंही तोंड बंद होतं. हात मांडीवर, नजर हिरोच्या गळ्यावर, आणि चेहरा असा की पोर गच्चीच्या कठड्यावर चढलंय आणि हाक मारली तर पडेल.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटी त्या सिनेमातला नायक पुलावरून नदीपलीकडे हाक मारतो आणि ती हाक वरच्या सुरात चार मात्रा तशीच थांबते. हिरोने डोळे मिटले. आता आठवणीतसुद्धा तो सूर कुठे असतो ते त्याला सापडेना, बादली आठवली, मोरीतला ओलसर वास आठवला, पोटावरचा शब्दकोश आठवला. मग त्याने हाक मारली. आवाज थरथरला, कडेला घासला, पण फाटला नाही. एक, दोन, तीन. डोळ्यांतून पाणी आलं. चार. झालं! तो उतरला, समेवर आला, गाणं संपलं. जिंकलो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने डोळे उघडले.

टाळ्या पडल्या. नेहमीएवढ्याच. त्याहून दोन कमी असतील, कारण काही जण एकमेकांच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होते. मूळ पट्टी आली होती, सहा वर्षांनी आली होती, आणि हॉलला तिचा पत्ताच नव्हता. मग पहिल्या रांगेत बाई उठून उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या की हॉल अजूनही शांत होत असे.

“आज काय बिघडलं?” त्यांनी विचारलं.

“बिघडलं नाही, बाई. गाणं मूळ पट्टीत होतं.”

“असेल. आम्हाला म्हणता आलं नाही. आम्ही काय नुसतं ऐकायला येतो? ऐकायला घरी रेडिओ आहे.” मागून हो हो असे आवाज आले. “पुन्हा म्हणा. नीट.”

हिरोला आधी राग आला. चार मात्रा! पाणी आलं डोळ्यांतून, आणि नीट म्हणा? राग घशापर्यंत आला, पण घशात आता रागालाही जागा नव्हती. तिथे सगळं सोलवटून निघालं होतं. मग त्याचं त्यालाच हसू यायला लागलं, आवाज नसलेलं, नुसते खांदे हलवणारं. त्याने त्या दीडशे माणसांकडे पाहिलं. ती वाट बघत होती, तोंडं अर्धवट उघडी ठेवून. तो पेटीवाल्याकडे वळला. पेटीवाल्याचं बोट बटणाजवळ तयारच होतं.

“चार?” पेटीवाल्याने ओठांनीच विचारलं.

हिरोने घसा साफ करून पाहिला. आतून पत्रा घासल्यासारखा आवाज आला. वजा चारवरसुद्धा आज ही हाक जमणार नव्हती. “पाच घे,” तो म्हणाला.

हातातला माइक चालू आहे हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. हॉलमधल्या चारही भोंग्यांतून ‘पाच घे’ खणखणीत बाहेर पडलं. पॅडवाला पुन्हा टेबलाखाली जायच्या बेतात होता. हॉलमधल्या दीडशे जणांपैकी एकशे एकोणपन्नास जणांना पाच म्हणजे काय ते कळलं नाही, आणि हिरोने तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं.

दादा खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहत होता. गुडघ्यांमुळे त्याला वेळ लागला. तेवढ्या वेळात हिरोच्या मनात सगळं येऊन गेलं, आता तो जिन्याचं बोलणार, तळमजल्याचं बोलणार, हॉल हसणार, आणि बोलला तर बोलू दे, त्याचा हक्क आहे, आपण ऐकून घ्यायचं. दादाने घसा खाकरला.

“सहा घे रे,” दादा म्हणाला. “पाचवर माझा नाही पोचत.”

हिरोने पेटीवाल्याकडे बघून मान डोलावली. पेटीवाल्याने खिडकीत वजा सहा येईपर्यंत बटण दाबलं, पॅडवाल्याने चार मात्रा दिल्या, आणि सगळा हॉल एकदमच सुरू झाला, हिरोच्याही जरा आधी.